हैबतीतात्यांचे दोन हात

हैबतीतात्या रंगाऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत गुलाबी होता आणि डावा कोपरापर्यंत हिरवा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सांगलीला माझ्या आत्याच्या दारात उभे राहून तिला नमस्कार करत होते. दोन रंगांचे ते दोन पंजे एकमेकांना चिकटलेले पाहून मला असं काही हसू फुटलं की आत्यानं माझ्या दंडाला चांगला पिळून चिमटा काढला. आज आत्या नाही, तात्या नाहीत, पण तो नमस्कार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

"उजवा बाप्याचा, डावा बाईचा," असं तात्या कुठल्याही नव्या माणसाला न विचारता सांगून टाकत. फेटे, पटके, उपरणी उजव्या हातानं रंगवायची, लुगडी आणि चोळ्या डाव्या हातानं. चुकून हात बदलला तर काय होतं, असं मी एकदा विचारलं.

"व्हतं काय? नवरदेव जलमभर बायकूच्या मुठीत ऱ्हातो. लय बगितल्यात तसली."

आणि मग आमच्या गल्लीत असे कोणाकोणाचे फेटे बिघडले होते, ती नावं त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितली. त्यात माझ्या आत्याच्या यजमानांचं नाव दुसऱ्या क्रमांकाला होतं. मला ते खरंच वाटलं, कारण मी त्यांच्याच घरी राहत होते.

हैबती हे नाव ऐकलं की मिशाळ पैलवान डोळ्यांपुढं येतो. प्रत्यक्षात तात्या एवढे ठेंगणे होते की रंगाच्या मोठ्या हंड्यात डोकावायचं तर पाटावर उभं राहावं लागे. कृष्णेच्या घाटाकडं उतरणाऱ्या गल्लीत आत्याच्या घराला लागूनच त्यांचं अंगण होतं. अंगणात भट्टी, भट्टीवर हंडे, दोऱ्यांवर वाळत टाकलेली कापडं, आणि मधे पाटावर उभे तात्या. गल्लीतून कोणी गेलं की त्यांचं व्याख्यान सुरू होई.

व्याख्यानाचा विषय कायम एकच. रंगात बाई असते आणि बाप्या असतो. हिरवा बाईचा, त्यात वाद नाही. भगवा बाप्याचा. काळा बाईचा, पण संक्रांतीपुरता. निळा पोलिसाचा, म्हणून "त्यो संसारात मोजायचा न्हाई." आणि गुलाबी तर पक्का बाप्याचा. "गुलाबी म्हंजी लगीन कराया निगाल्याला बाप्या," असं ते म्हणत. हल्ली माझ्या नातीला घरी येणारा प्रत्येक जण गुलाबी फ्रॉक घेऊन येतो, मुलीचा रंग म्हणून. तात्या असते तर ते सगळे फ्रॉक उसवून त्यांनी फेटे बांधायला लावले असते.

कापड घेताना त्यांचा पहिला प्रश्न असे, "कोन लेनार?" तो माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कापडाला हात लावत नसत. एकदा एका नाटक कंपनीतला स्त्रीपार्टी नट शालू रंगवायला घेऊन आला. दाढी वाढलेली, आवाज जाडा. तात्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळला, पाटावरून उतरले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दाडी करून, पदर घिऊन ये. मग बगू." तो बिचारा दुसऱ्या दिवशी खरोखरच घाटावर दाढी करून, खांद्यावर पंचा पदरासारखा घेऊन आला. तात्यांनी त्याला चार पावलं चालायला लावलं आणि मग समाधानानं डावा हात बुडवला.

दुसरी खोड म्हणजे रंगाची चव घेणं. हंड्यात करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "पक्का" किंवा "कच्चा." ही दोन विशेषणं त्यांना आयुष्याला पुरली. माणसं, पाहुणे, दुकानदार, सगळ्यांना ते याच दोन पेट्यांत टाकत. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकते म्हटल्यावर त्यांनी माझं जाडजूड पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं आणि विचारलं, "ह्यात रंगाची चव लिवलीय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी पुस्तक परत दिलं. "कच्चं हाय," म्हणाले.

मी मूळची मलकापूरची, कराडला लागून असलेल्या. घरी ऊसशेती होती आणि वडील पलटणीत सुभेदार. मॅट्रिक साताऱ्याला वसतिगृहात राहून केलं. ते दिवस लढाईचे. वडील समुद्रापलीकडं कुठं तरी लढत होते. तिथल्या लष्करी इस्पितळात त्यांनी एक डॉक्टरीण पाहिली, तिला गोरे शिपाईसुद्धा उठून सलाम करत. वडिलांनी तिथून पत्र धाडलं, इंदूला सायन्स घाला. वडिलांचा हुकूम मोडायची आईची प्राज्ञा नव्हती, म्हणून मी सांगलीला आत्याकडं राहून कॉलेजात जाऊ लागले.

वर्गात बाकीचे सगळे मुलगे, मुलगी मी एकटी. तेव्हाची रीत अशी की मुलीनं बाहेर थांबायचं, प्रोफेसर आले की त्यांच्या मागून आत शिरायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर पडायचं. दोन वर्षं मी जगातल्या कुठल्याही माणसाचा चेहरा पाहिला नसेल एवढी त्या प्रोफेसरांची पाठ पाहिली. माझ्यात आणि मुलांत शब्दाचा व्यवहार नव्हता. वर्षभर शेजारच्या टेबलावर प्रयोग करणाऱ्या मुलानं मला एकदाच काही सांगितलं, तेही भिंतीकडं बघून, की माझा बर्नर विझलाय.

इंटरच्या वर्गात गेल्यावर प्रोफेसरांनी फळ्यावर लिहिलं, प्रयोगशाळेत अ‍ॅप्रनशिवाय प्रवेश नाही. मग माझ्याकडं न बघता मलाच उद्देशून म्हणाले, "ज्यांना जमत नसेल त्यांच्यासाठी आर्ट्सकडं जागा आहेत. तिकडं अंगावर काही सांडत नाही."

लढाईमुळं कापडावर सरकारी कंट्रोल होता. आत्यानं रांगेत उभं राहून मांजरपाट मिळवलं, शिंप्याकडून गुडघ्याएवढा डगला शिवून आणला, मी तो घातला आणि आरशापुढं गेले. आत्यानं मला पाहिलं आणि तिच्या हातातलं तांब्याचं भांडं खाली पडलं.

"काड ते! आदी काड!"

आमच्याकडं पांढरं वस्त्र विधवेचं. कपाळ मोकळं झालेल्या बाईचं. आणि आमच्या घरचा कर्ता माणूस रणात. नेमकी त्याच आठवड्यात आई आली होती. ती दर तीन-चार महिन्यांनी मलकापूरहून कोळशाच्या गॅसवर धुकधुक चालणाऱ्या मोटारीतून यायची, आणि त्यामागं एक कारण असायचं. कंट्रोलचं लुगडं पांढरंच मिळे. ते ती तात्यांच्या डाव्या हातानं हिरवंगार रंगवून नेई. सवाष्णीचा हिरवा फक्त तात्यांच्या हाताचा, बाकी सगळे उडतात, असं तिचं ठाम मत. वडील लढाईवर गेल्यापासून तिनं दुसरा रंग अंगाला लावला नव्हता.

आई ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "तुजा बा तिकडं गोळ्या झेलतोय, आनि तू हितं पांढरं लेऊन फिरनार? घरात पांढरं शिरलं तर मी तुला मलकापूरला घिऊन जाईन, इंदे. शिकनं गेलं चुलीत."

मला रसायनशास्त्राचं वेड लागलं होतं, दुसरा शब्द नाही. परीक्षानळीत दोन रंगहीन द्रावणं एकत्र करावीत आणि आतून पिवळा ढग उठावा, हे पाहायला मी भाकरीवाचून राहिले असते. मलकापूरला परत जायचं म्हणजे ऊस आणि स्थळं. मी रात्रभर रडले. सकाळी आत्यालाच युक्ती सुचली. फळ्यावर अ‍ॅप्रन लिहिलंय ना? रंग कुठं लिहिलाय? डगला घेऊन आम्ही तात्यांच्या अंगणात गेलो.

"कोन लेनार?" तात्या.

"ही. इंदू."

तात्यांनी डगला हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. डगला बाप्याचा, लेणार बाई. उभ्या जन्मात असं कापड त्यांच्या अंगणात आलं नव्हतं. त्यांनी तो खुंटीला लावला आणि दोन दिवस त्याच्याकडं बघत बसले. मधेच आमच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "बटनं कुनाच्या अंगाची हायत?" मी पाहून सांगितलं, शिंप्यानं सवयीनं पुरुषी पद्धतीची लावली आहेत. तात्या कपाळाला हात लावून निघून गेले. पुन्हा आले. "तितं बसून काम करायचं का हुबं ऱ्हाऊन?" उभं राहून, म्हटल्यावर आणखी खिन्न झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंपणावरूनच आरोळी ठोकली.

"घावलं! हळद! हळद नवरीलाबी लागती आनि नवऱ्यालाबी लागती. हळदीला बाई न्हाई न बाप्या न्हाई!"

लढाईमुळं जर्मनीचे रंगाचे डबे कधीच बंद झाले होते. बाकीचे रंगारी हातावर हात धरून बसले होते, पण तात्यांनी पळसाची फुलं, डाळिंबाच्या साली, नीळ, हिरडा असं जुनं सामान काढलं होतं, आणि सांगलीत हळदीला तर तोटाच नाही. मी समोर उभी असताना त्यांनी दोन्ही हात हंड्यावर धरले, मान आत वळवली आणि ओरडले, "किती?"

आतल्या अंधारातून बाईचा आवाज आला, "चार मुठी. तुरटी आदीच दिलीया."

ती मंजुळा, तात्यांची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती आतच राहिली. तात्यांकडं येणारं कापड लग्नाचं, ओटीचं, बारशाचं. त्यावर विधवेची सावली पडलेली कोणाला चाललं असतं? गल्लीला तिचा फक्त आवाज ठाऊक होता. तात्यांना मापं आठवत नाहीत म्हणून ती आतून सांगते, अशी सगळ्यांची समजूत होती.

डगला पिवळाधमक झाला. आई खूश, आत्या खूश. मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि मागच्या टेबलावरून आवाज आला, "हळद लागली! नवरा कुठाय रे?" सगळी प्रयोगशाळा हसली. प्रोफेसरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मिस थोरात, हे काय आहे?"

"अ‍ॅप्रन, सर."

"कसला?"

"हळदीचा, सर."

ते वळून फळ्यापर्यंत गेले, स्वतः लिहिलेला नियम त्यांनी पुन्हा वाचला. माणूस नियमाचा पक्का. मग ते पुढच्या टेबलाकडं गेले.

अर्ध्या तासानं माझ्या हातून कॉस्टिक सोड्याची बाटली कलंडली आणि पोटावर लालभडक डाग पसरला. शेजारचा तो भिंतीशी बोलणारा मुलगा किंचाळला, "रक्त! सर, रक्त!" दोघं दाराकडं धावले, एक मटकन खालीच बसला. मी घाबरून हाताला लागेल त्यानं पुसायला गेले आणि टेबलावर सांडलेलं पातळ आम्ल डगल्याला लागलं. लाल डाग पुन्हा पिवळा झाला.

प्रोफेसर आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुन्हा करा."

मी सोडा टाकला, लाल. आम्ल टाकलं, पिवळा. आणि ज्यांची मी वर्षभर फक्त पाठ पाहिली होती, ते प्रोफेसर खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. द्रावण आम्ल की अल्क हे ओळखायचा एवढा सोपा उपाय कोण सोडतो? लिटमसचे कागद लढाईमुळं दुर्मीळ झाले होते. जी मुलं माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती, ती परीक्षानळ्या घेऊन माझ्यापुढं उभी राहू लागली. "मिस थोरात, जरा बाही देता?" "माझा एक थेंब, खिशापाशी." आठवडा संपेपर्यंत डगल्याचं ठिपक्याठिपक्यांचं छापील चीट व्हायचं. रविवारी मी तो धुऊन तात्यांना द्यायची आणि सोमवारी तो पुन्हा पिवळाधमक होऊन यायचा. कुठं लाल झाला, कशानं झाला, हे तात्या मला खोदून खोदून विचारत आणि मी सांगितलेलं आत तोंड करून मोठ्यानं परत सांगत. मला वाटे, म्हातारा स्वतःच्या लक्षात राहावं म्हणून घोकतोय.

परीक्षेला महिना उरला तेव्हा प्रोफेसरांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"मिस थोरात, प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात. मी त्यांना विचारून घेतलं. उत्तर सांगणारा अ‍ॅप्रन घालून परीक्षेला बसणं म्हणजे कॉपी. पांढरा घाला. नाहीतर माझा इलाज चालणार नाही." मग म्हणाले, "तुम्ही बसायला हवं. मी पूर्वी जे आर्ट्सचं म्हणालो होतो, ते विसरा."

आत्यानं आईला कळवलं. आईचा निरोप आला, येतेय. कशाला, ते सांगायची गरज नव्हती.

दुपारी मी तात्यांकडं धावले. तात्या कापडं धुवायला घाटावर गेले होते. दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं आणि मागच्या परसात जाऊन उभी राहिले.

चुलीपाशी मंजुळा बसली होती. पांढऱ्या लुगड्याचा काचा मारलेला, आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत रंगलेले. गुलाबी, हिरवे, पिवळे, जांभळे, सगळे एकात एक. माझी चाहूल लागताच तिनं ते पदराखाली ओढले, पण पांढऱ्या पदरावर लगेच ओले रंग उठले.

"कुनाला सांगू नगंस," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसले. मग तिनं सगळं सांगितलं. तात्यांना फक्त जर्मनीच्या डब्यांचे रंग येत होते. डबे बंद झाल्यावर घरात चूल पेटायची पंचाईत झाली. झाडापाल्याचे रंग मंजुळानं चिंध्यांवर करून बघून एकेक शोधून काढले होते. परसातल्या दोरीवर त्या चिंध्या ओळीनं लटकत होत्या, आणि प्रत्येकीच्या कडेला गाठी मारलेल्या. एक मोठी गाठ म्हणजे एक मूठ हळद, बारीक गाठ म्हणजे चिमूट तुरटी, कडेला पीळ दिला असेल तर एवढा वेळ उकळायचं. लिहिता येत नव्हतं, म्हणून गाठी. माझ्या वहीवर प्रोफेसरांची दर आठवड्याला सही होत असे, आणि त्या वहीत एवढं स्वतःचं असं काहीच नव्हतं. मला लाज वाटली.

"मग तात्या?"

"दादा?" ती बापाला दादा म्हणे. ती हसली. "सकाळी उठलं की आदी हात बुडवत्यात. एक गुलाबीत, एक हिरव्यात. चा बी मागनं पित्यात. दिसभर त्ये उजवा-डावा चाललेलं असतं. लोकांनी त्येंचं हात बगावं, आत कोन हाय ते बगू न्हाई म्हनून."

ज्याला सगळी गल्ली वेडा म्हणून हसत होती, तो माणूस रोज सकाळी उठून आपलं हसं करून घेत होता, आपल्या मुलीला चार भिंतींआड का होईना, मनासारखं काम करता यावं म्हणून.

मी तिला डगल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "हळद हाय ती. धुऊन चार दिस उन्हात टाकली की आपली आपन जाती. पांडरं करनं अवगड न्हाई गं. तुज्या आईला दावनं अवगड हाय."

आई आली. आल्या आल्या माझी ट्रंक ओढून तिनं कपडे भरायला सुरुवात केली. मी तिच्या पाया पडले, आत्यानं रदबदली केली. ती ऐकत होती आणि घड्या घालत होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबत नव्हते. एवढ्यात दारात तात्या आले. काखेत घडी घातलेला डगला, स्वच्छ पांढरा. आणि त्यांच्या मागं, भर सकाळच्या उन्हात, मंजुळा. समोरच्या घरांतल्या बाया दारात आल्या.

"वैनी," तात्या म्हणाले, "ह्ये पांडरं हाय. पोरीला परीक्षेला लागतंय."

"तात्या, तुमी तरी असं करू नगा. माजा मालक लढाईत हाय."

"म्हाईत हाय." तात्या उंबऱ्यातच थांबले होते. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "तुमच्या अंगावरचं ह्ये लुगडं कुनी रंगवलंय?"

"आवं, तुमीच की."

"म्या न्हाई." त्यांनी मंजुळाचा दंड धरून तिला पुढं आणलं आणि तिचे हात पदराबाहेर काढून आईपुढं धरले. "हिनं. ह्ये लुगडं चार बारी रंगवाया आलं, चारी बारी हिच्या हातानं रंगलं. गावातल्या समद्या लग्नाचं फेटंबी हिच्याच हातचं. आता सांगा, तुमच्या मालकाचं पत्र आलं न्हवं? बरं हायत न्हवं त्ये?"

समोरची एक बाई "अगं बया!" म्हणाली आणि फाडकन दार लावून आत गेली. मग दुसरं दार वाजलं. तात्यांनी मागं वळून पाहिलं नाही. दार लागण्याचा अर्थ त्यांना आमच्या कोणापेक्षाही चांगला कळत होता.

"माज्या मंजीला पांडरं दिलं तवा लोकांनी सांगितलं, आता तू काई करायचं न्हाई," तात्या म्हणाले. "तुमच्या इंदूला पांडरं मागत्यात ते काई तरी करायला. तेवडं तरी व्हऊ द्या, वैनी."

आई ट्रंकेवर बसली. अंगावरच्या हिरव्या पदराचं टोक ती दोन बोटांत चोळत राहिली. आता ती लुगडं फाडते की काय, असं मला वाटलं. मग तिनं मंजुळाकडं पाहिलं.

"किती बारी बुडवतीस गं?"

"सात बारी, काकी. सात बारीबिगर हिरवा बसत न्हाई."

"सात बारी," आई म्हणाली. मग ती उठली, ट्रंकेतले माझे कपडे बाजूला करून खालून तिनं तिचं दुसरं लुगडं काढलं आणि मंजुळाच्या हातात दिलं. "ह्येबी फिक्कं झालंय. जायच्या आदी दे." आणि माझ्याकडं वळून खेकसली, "बगतीस काय? परीक्षा कवा हाय तुजी?"

मी पांढरा डगला घालून परीक्षेला बसले. पास झाले, चांगली झाले. वडील लढाई संपल्यावर धडधाकट परत आले. पुढं मी रसायनशास्त्र शिकवण्यातच आयुष्य काढलं. हे सगळं मी अभिमानानं सांगते, पण त्या उन्हाळ्याचं सांगताना माझी जीभ अडखळते. कारण त्या वर्षी लग्नसराईत गल्लीतले फेटे मिरजेला गेले. लुगडी कुठं तरी दुसरीकडं गेली. तात्यांच्या अंगणातले हंडे उपडे पडून राहिले. माझी आई, आत्या आणि तो स्त्रीपार्टी नट एवढीच गिऱ्हाइकं उरली. माझ्या एका परीक्षेपायी त्या म्हाताऱ्याचा धंदा बसला. त्यावरून तात्या मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत, हे मला अजून टोचतं.

निकाल लागला त्या दिवशी ते पेढा घ्यायला आले आणि पेढा हातात धरून घुटमळत राहिले. मग म्हणाले, "एक इचारू का? मंजीला तुमच्या त्या बाटल्या येकदा दावशील?"

मी प्रोफेसरांना विचारलं. कॉलेजला सुट्टी होती, पण त्यांनी स्वतः येऊन प्रयोगशाळा उघडली. तात्या आणि मंजुळा गावातून चालत आले होते. मंजुळा आधी दारातच उभी राहिली, मग एकेक पाऊल आत गेली. कपाटातल्या निळ्या खड्यांच्या बाटलीपाशी थांबून म्हणाली, "मोरचूद." प्रोफेसर म्हणाले, बरोबर. तिनं विचारलं, "ह्येला लिंबू पिळलं तर?" प्रोफेसरांनी बाही वर सारली, तिच्यासाठी स्टूल पुढं ओढलं आणि परीक्षानळी काढली. मग दोघांना वेळेचं भान राहिलं नाही.

तात्या आत आलेच नव्हते. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

"तात्या, आत या ना. अजून बराच वेळ लागेल त्यांना."

"लागू दे की. म्या कशाला येऊ, मला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले. "तिला घाई करू नगंस, पोरी. सावकाश बगू दे. मला आता काय काम न्हाई."

आणि दारात काढलेल्या मंजुळाच्या वहाणांवर ऊन आलं होतं, म्हणून त्या हातानं सावलीत सरकवून ते पायरीवर बसले.